मोबाइल पुसायला काय बरं: ओलं कापड, स्पिरिट, वाइप्स की यूव्हीची डबी?

आपल्याकडे खानदेशात सगळ्यांच्या फोनवरची घाण एकसारखी नसते, आणि निम्मा निकाल तिथंच लागतो. रावेर-यावलच्या केळीबागेत राबणाऱ्याच्या फोनला चीक लागतो, नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर तिखटाचा थर बसतो, जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यात, रुई चिकटते आणि एप्रिल-मेमध्ये धूळ तर कोणालाच सोडत नाही. दवाखान्यात, मेडिकलवर किंवा दिवसभर नोटा मोजण्याच्या कामावर असलेल्याची चिंता मात्र जंतूंची. घाण काढणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. घाणीच्या थरावर औषध टाकलं तर ते खालपर्यंत पोचत नाही, म्हणून क्रम आधी पुसण्याचा, मग औषधाचा.

पहिला पर्याय ओल्या कापडाचा. चष्म्यासोबत मिळतं तसं मायक्रोफायबर कापड साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं. फोन बंद, चार्जर काढलेला, कव्हर बाजूला. धूळ, तेलकट बोटं, ताजा चीक एवढ्याला हे पुरतं. चीक वाळून काळा पडला की कव्हरवरचा डाग जवळपास कायमचाच, म्हणून घरी येईपर्यंत थांबू नका. खांद्यावरच्या रुमालाने कोरडं घासणं मात्र सोडा. धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि चरे तेच पाडतात. आधी फोन उलटा धरून हलकं झटकायचं, मग पुसायचं. प्लास्टिकचं किंवा सिलिकॉनचं कव्हर सरळ साबणाने धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय परत चढवू नका.

दुसरा पर्याय स्पिरिटचा, म्हणजे ७०% आयसोप्रोपिल अल्कोहोल. मेडिकलवर नुसतं 'स्पिरिट द्या' म्हणू नका, बाटलीवरचं नाव आणि टक्का वाचून घ्या. रिपेअरिंगवाल्यांकडे ९९ टक्क्यांचं असतं. ते फोनच्या आतला सर्किट बोर्ड साफ करायला उत्तम, जंतूंसाठी मात्र ७० टक्क्यांचंच सरस. त्यातलं पाणी अल्कोहोलला जंतूंच्या प्रथिनांवर काम करायला मदत करतं आणि ते लगेच उडूनही जात नाही. आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत हा मुद्दा आणखी महत्त्वाचा. काच साधारण अर्धा मिनिट ओली दिसली पाहिजे, आणि उन्हाळ्यात त्यासाठी दुसऱ्यांदा हात फिरवावा लागतो. औषध कापडावर घ्यायचं, फोनवर कधीच शिंपडायचं नाही. ॲपल आणि सॅमसंग दोघंही ७० टक्क्यांचं अल्कोहोल असं कापडाने वापरायला हरकत घेत नाहीत, ब्लीचला मात्र साफ नाही म्हणतात.

मिरचीवाल्यांसाठी स्पिरिट आणखी एका कारणाने पाण्यापेक्षा वरचढ ठरतं. तिखटातला झोंबणारा भाग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. पाण्याने पुसलेल्या स्क्रीनवर बोट फिरवून तेच डोळ्याला लावलं की काय होतं, ते पथारीवरच्या कुणालाही विचारा.

स्पिरिटचा तोटाही आहे. काचेवर तेलाचे डाग बसू नयेत म्हणून एक पातळ लेप दिलेला असतो, तो रोजच्या अल्कोहोलने हळूहळू झिजतो. पण आपल्यातल्या बहुतेकांनी टेम्पर्ड ग्लास लावलेली असते. मग झीज त्या काचेची, जी तशीही बदलायचीच असते. अशांनी फार धास्ती घेऊ नये, फक्त कडेने औषध आत जिरू देऊ नये. पाठ चामड्यासारख्या फिनिशची असेल तर तिथे स्पिरिट नको. आणि बाटली चुलीजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत नको, हे लगेच पेट घेतं.

वाइप्स म्हणजे हेच औषध तयार कागदावर. सोय मोठी, खर्च जास्त, आणि पाकीट नीट बंद केलं नाही तर उन्हाळ्यात वाइप्स वाळून नुसते कागद उरतात. एसटीने रोज भुसावळ-जळगाव करणाऱ्याला किंवा नर्सताईंना परवडतील, घरी बाटली बरी. पाकिटावर ७० ते ७५ टक्के अल्कोहोल लिहिलेलं पाहा. बाळाचे वाइप्स या कामाचे नाहीत. हाताचं सॅनिटायझर जेलही नको, त्यातल्या ग्लिसरीनचा चिकट थर काचेवर राहतो आणि त्यावर धूळ दुप्पट बसते. काच पुसायचा स्प्रे, फिनाइल, थिनर, पेट्रोल यांची तुलनासुद्धा करत नाही.

यूव्हीची डबी म्हणजे फोन आत ठेवून त्यावर अतिनील किरणं सोडणारी पेटी. तिच्याबद्दल माझं मत कोरडं आहे. त्यातली यूव्ही-सी प्रकारची किरणं जंतू मारतात हे खरं, पण ती जिथे थेट पडतात तिथेच. कव्हरच्या खोबणीत, बटणाच्या सावलीत, चिकाच्या डागाखाली पोचत नाहीत, आणि घाण तर तशीच राहते. चांगल्या डबीच्या पैशात स्पिरिटच्या कितीतरी बाटल्या येतील. उघडा यूव्ही दिवा तर घेऊच नका, डोळ्यांना आणि कातडीला इजा होते.

'माझा फोन आयपी६८ आहे, नळाखाली धरतो' असं म्हणणारे भेटतात. आयपी६८ म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याच्या चाचणीचा दर्जा, पण ती चाचणी नव्या फोनची, साध्या पाण्यातली असते. साबण, नळाचा जोर आणि एकदा पडून सैल झालेले सांधे त्यात धरलेले नसतात. पाणी आत गेलं तर साध्या वॉरंटीत सहसा काही मिळत नाही.

उरलं चार्जिंगचं भोक. जिनिंगवाल्यांचा आणि कापूस वेचणाऱ्यांचा खरा त्रास तिथेच. रुई आत दाबली जाऊन गोळा होते आणि पिन पुरती बसत नाही. सेफ्टी पिन घालाल तर आतले संपर्क वाकतील. पंक्चरच्या दुकानातल्या हवेसोबत कॉम्प्रेसरचं पाणी आणि तेल येतं. तोंडाने फुंकर मारली तरी ओलावा आत जातोच. फोन बंद करून लाकडी टूथपिकने किंवा मऊ, कोरड्या ब्रशने उजेडात सावकाश काढा. दोन प्रयत्नांत निघालं नाही तर दुकानात न्या, या एका कामासाठी दुकानदाराला पैसे देणं मला पटतं.