पूर्ण मास्टर्स की छोटे सर्टिफिकेट कोर्स? प्राथमिकच्या शिक्षकांसाठी

इन्स्ट्रक्शनल टेक्नॉलॉजी, म्हणजे शिकवण्यात तंत्रज्ञान नीट कसं वापरायचं ते, शिकायचंय पण वर्ग सोडायचा नाहीये, असं असेल तर माझं मत सरळ आहे, आधी छोटा कोर्स करा. काही आठवड्यांत संपतो, आणि आज शिकलेलं उद्या दुसरीच्या पोरांवर करून बघता येतं, म्हणजे क्विझ बनवणं, छोटा व्हिडिओ करणं वगैरे. पण त्यात बहुतेक वेळा टूलच शिकवतात, आणि टूल बदललं की परत पहिल्यापासून!

मास्टर्सला साधारण दोन वर्षं जातात, नोकरी सांभाळून तर जास्तच, दमछाक होते खरंच. पण तिथे विचार करायची पद्धत मिळते. ॲडी (ADDIE) मॉडेल घ्या, धडा आखायच्या पाच पायऱ्या, विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन, म्हणजे ॲप उघडायच्या आधी मूल नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं. मिश्रा आणि कोलर यांनी २००६ मध्ये मांडलेली टीपॅक (TPACK) ही चौकटही तंत्रज्ञान एकटं पुरत नाही हेच सांगते, विषय, शिकवण्याची पद्धत आणि तंत्रज्ञान हे तिन्ही एकत्र जुळायला हवं. वजाबाकीत हातचा घेताना मूल चुकत असेल तर नुसता रंगीत गेम देऊन काय होणार, आधी काड्यांचे गठ्ठे सोडवू द्या, मग स्क्रीन.

पुढे इन्स्ट्रक्शनल डिझायनर (अभ्यासक्रम आणि धडे आखणारा) किंवा इतर शिक्षकांचे टेक कोच व्हायचं असेल तर मात्र मास्टर्सच, आणि प्रवेश घेताना प्रोजेक्ट स्वतःच्याच वर्गावर करता येतो का ते आधी विचारून घ्या.