आधी इतिहास वाचावा, की थेट देकार्त?

आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वाचायचं ठरवलं की पहिल्याच फाट्यावर गाडी अडते. तत्त्वज्ञानाचा जाडजूड इतिहास घ्यायचा, की देकार्तसारख्या सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञाचे मूळ ग्रंथच उघडायचे?

इतिहासांत बर्ट्रंड रसेलचा 'हिस्टरी ऑफ वेस्टर्न फिलॉसॉफी' (१९४५) सर्वांत चटपटीत. पण न पटलेल्या तत्त्वज्ञाला रसेल धड वागवत नाही. नीत्शेवरच्या प्रकरणात तर इतिहासकार बोलतोय की विरुद्ध बाजूचा वकील, असा प्रश्न पडतो. दुसरा इतिहासकार कोपलस्टन हा जेझुइट (एका कॅथलिक संघाचा) पाद्री. त्याचे खंडच्या खंड आहेत, नेमके, समतोल आणि कोरडे. परीक्षेला कोपलस्टन, गाडीत वाचायला रसेल.

दोघांकडेही उत्तरं आयती मिळतात, हीच खरी अडचण. देकार्तच्या मेणाच्या गोळ्याचंच घ्या. नोट्समध्ये एक ओळ असते: मेण वितळलं तरी विस्तार (जागा व्यापणं) उरतो, म्हणून विस्तार हेच जडाचं सार. देकार्तच्या 'मेडिटेशन्स'मध्ये (१६४१) ते मेण नुकतंच पोळ्यातून काढलेलं आहे. मधाची चव पुरती गेलेली नाही, फुलांचा वास येतोय, टिचकी मारली तर आवाज होतो. विस्तवाजवळ नेलं की हे सगळं जातं. मग 'तेच मेण' आपण कशाच्या जोरावर म्हणतो? वाचत गेलं की लक्षात येतं, त्याला मुख्यतः मेणाबद्दल सांगायचंच नव्हतं. मेण जाणणारं मन मेणाहून स्पष्ट कळतं, हे सांगायचं होतं. नोट्समधून नेमकं हेच निसटतं.

ज्ञानाचा पाया बुद्धीत शोधणारे बुद्धिवादी तीन (देकार्त, स्पिनोझा, लायबनिट्स), अनुभवात शोधणारे अनुभववादी तीन (लॉक, बर्कली, ह्यूम), मग कांट, ही कप्पेबंदी पाठ करायला सोयीची. पण लायबनिट्सने लॉकच्या ग्रंथाला प्रकरणागणिक उत्तर लिहिलं होतं. १७०४ साली लॉक वारला, म्हणून लायबनिट्सने ते छापलं नाही; ते निघालं थेट १७६५ मध्ये. म्हणजे कप्पे एकमेकांशी चांगलेच भांडत होते.

कांट आणि स्पिनोझापाशी मात्र मी इतिहासाच्या बाजूने. स्पिनोझाचं 'एथिक्स' भूमितीच्या वहीसारखं, व्याख्या-प्रमेयांनी भरलेलं. कांटचा १७८१ चा मुख्य ग्रंथ 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' तर एकट्याने उघडूच नये. संज्ञांपाशी अडलात तर वाडेकरांनी संपादलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' हाताशी ठेवा.

नोकरी सांभाळून वाचणार असाल तर देकार्तची सहा चिंतनं (म्हणजेच 'मेडिटेशन्स') आधी, इतिहासातलं त्याच्यावरचं प्रकरण नंतर. मधे बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिची १६४३ सालची पत्रं वाचा. आत्मा अमूर्त, तर तो शरीर हलवतो कसा, असं तिने देकार्तलाच विचारलं होतं.