ट्रॅक की नकाशा? अॅथलेटिक्स आणि ओरिएंटिअरिंगच्या जागतिक स्पर्धा: कोणती पाहावी, कशी पाहावी

वर्षातून एकाच जागतिक स्पर्धेसाठी सवड काढता येणार असेल, तर अॅथलेटिक्स आणि ओरिएंटिअरिंग (नकाशा आणि होकायंत्र घेऊन, नेमून दिलेली ठिकाणं म्हणजे ‘कंट्रोल’ क्रमाने गाठत धावण्याचा खेळ) यांतली निवड ‘कोणता खेळ भारी’ यावर करू नये. आधी हे ठरवावं की घरी बसून पाहायचं आहे की तिथे जायचं आहे. जंगलातली ओरिएंटिअरिंगची शर्यत जागेवर उभं राहून जेमतेम दिसते, पडद्यावर मात्र नीट उलगडते. तरीही प्रवासाला निघण्याचं जास्त चांगलं कारण याच खेळात आहे. ते पुढे येईलच. अॅथलेटिक्समध्ये ट्रॅकवरच्या शर्यती टीव्हीवर उत्तम दिसतात आणि फेकी-उड्यांचे तुकडेच हाती लागतात. ते तुकडे जोडायचे तर स्टेडियममध्येच जावं लागतं.

आधी वर्ष बघा

अॅथलेटिक्सची जागतिक स्पर्धा १९८३ मध्ये हेलसिंकीत सुरू झाली. पहिल्या तीन स्पर्धा चार-चार वर्षांच्या अंतराने झाल्या, १९९३ पासून अंतर दोन वर्षांवर आलं. २०२५ मध्ये टोकियो झालं, २०२७ मध्ये बीजिंग आहे. २०२६ च्या मोकळ्या वर्षात ११ ते १३ सप्टेंबर या तीन दिवसांची अल्टिमेट चॅम्पियनशिप बुडापेस्टला ठेवली आहे. शिवाय दर हंगामात डायमंड लीग, म्हणजे वेगवेगळ्या शहरांतल्या स्पर्धांची मालिका, असतेच. थोडक्यात, या खेळाच्या चाहत्याला उपास घडत नाही.

ओरिएंटिअरिंगची पहिली जागतिक स्पर्धा १९६६ मध्ये फिनलंडच्या फिस्कार्सला झाली. २०१९ पासून तिचे दोन भाग पडले. विषम वर्षी जंगल: लाँग (लांब अंतर), मिडल (मध्यम अंतर) आणि रिले. सम वर्षी शहर: स्प्रिंट, नॉकआउट स्प्रिंट (फेरीगणिक धावपटू गळत जातात) आणि स्प्रिंट रिले. २०२३ ला फ्लिम्स-लाक्स आणि २०२५ ला कुओपिओ ही जंगलाची स्पर्धा होती. २०२४ ला एडिनबरा ही स्प्रिंटची, २०२६ ला जेनोआ हीसुद्धा स्प्रिंटचीच. नाव एकच असलं तरी चाहत्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे खेळ आहेत. जंगलाच्या वर्षी दीड तासाची शर्यत नकाशावर वाचावी लागते. स्प्रिंटच्या वर्षी बारा-पंधरा मिनिटांत गल्लीबोळांतून निकाल लागतो आणि धावपटू रस्त्याच्या कडेवरून प्रत्यक्ष दिसतात. तिकीट काढण्याआधी वर्ष सम की विषम एवढं तरी पाहावं.

पहिल्या तासात काय कळतं

अॅथलेटिक्सला तयारी लागत नाही. जो पुढे तो पुढे. पण चाचणी फेऱ्यांच्या निकालात मोठा Q आणि छोटा q यांतला फरक माहीत नसेल तर अर्धी चुरस हातची जाते. मोठा Q म्हणजे शर्यतीतल्या क्रमांकावर पुढे गेलेला. छोटा q म्हणजे सगळ्या फेऱ्या संपल्यावर वेळेच्या जोरावर उरलेल्या जागेत बसलेला. पहिल्या चाचणी शर्यतीत चौथा आलेला धावपटू शेवटची चाचणी शर्यत होईपर्यंत खुर्चीत बसून इतरांची घड्याळं मोजत असतो. ते नाट्य कॅमेरा क्वचितच टिपतो.

फेकींमध्ये आणखी एक फसगत होते. पात्रता फेरीतलं अंतर अंतिम फेरीत धरलं जात नाही. बुडापेस्टला २०२३ च्या जागतिक स्पर्धेत नीरज चोप्राने भालाफेकीच्या पात्रता फेरीच्या पहिल्याच फेकीत ८८.७७ मीटर गाठले. थेट प्रवेशाची मर्यादा ८३ मीटर होती. अंतिम फेरीत पहिली फेक फाउल, दुसरी ८८.१७, आणि त्याच दुसऱ्या फेकीवर सुवर्ण. अर्शद नदीमच्या ८७.८२ पेक्षा अवघे ३५ सेंटिमीटर जास्त. म्हणजे सुवर्ण ठरवणारी फेक दुसऱ्याच फेरीत पडली होती आणि उरलेल्या चार फेऱ्या ‘आता कोणी ओलांडतो का’ याच्या होत्या. ज्याने टीव्हीवर तुकडे पाहिले त्याला ३५ सेंटिमीटर कळले. मधला ताण कळला नाही.

ओरिएंटिअरिंगमध्ये पहिला तास गोंधळाचाच जातो, आणि त्याचं कारण सुरुवातीच्या पद्धतीत आहे. लाँगमध्ये धावपटू एकेक करून, साधारण तीन-तीन मिनिटांनी सुटतात आणि बलवान शेवटी असतात. साठ धावपटू धरले तर पहिला सुटल्यापासून शेवटचा सुटेपर्यंत १७७ मिनिटं जातात. पुरुषांच्या लाँगमध्ये विजेत्याला ९० ते १०० मिनिटं लागतील असा मार्ग आखतात. म्हणजे सुरुवातीचे धावपटू शर्यत संपवून पाणी पीत असतात तेव्हा पदकाचे दावेदार अजून सुटलेलेही नसतात. फलकावर पहिला दिसणारा माणूस तासभर ‘आघाडीवर’ असतो आणि शेवटी तिसाव्या क्रमांकावर जातो. म्हणून पूर्ण प्रक्षेपण पाहणं हा नवख्याने स्वतःवर केलेला अन्याय आहे. शेवटचे वीस धावपटू सुटायच्या सुमारास बसा.

बसताना असं करा:

१. नकाशाचे रंग पाठ करा. पांढरा म्हणजे धावता येईल असं जंगल (पांढरा म्हणजे मोकळं मैदान ही नवख्याची सर्वांत मोठी चूक), पिवळा उघडी जमीन, हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट, तपकिरी समोच्च रेषा, निळं पाणी, काळा खडक आणि माणसाने बांधलेलं. त्रिकोण सुरुवात, दुहेरी वर्तुळ शेवट. कंट्रोल वर्तुळाच्या नेमक्या मध्यभागी.

२. सगळी शर्यत पाहू नका, सर्वांत लांब टप्पा शोधा. दोन कंट्रोलमधलं अंतर जिथे सर्वांत जास्त तिथे वाटा फुटतात: कोणी सरळ टेकडीवरून, कोणी पायवाटेने वळसा घालून. पदक सहसा इथेच मिळतं किंवा निसटतं.

३. त्या टप्प्याच्या दोन्ही टोकांचा वेळ पाहा. एकूण वेळ नव्हे, फक्त त्या टप्प्याचा. वळसा घेणारा एक मिनिट आधी पोहोचला असेल तर पुढच्या धावपटूचा निर्णय तुम्ही त्याच्या आधी जाणता. या खेळात पाहणाऱ्याला मिळणारा हा खरा आनंद आहे: धावपटूला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

४. जीपीएसच्या ठिपक्यावर फार विसंबू नका. दाट झाडीत, कड्याखाली आणि उंच इमारतींच्या मध्ये ठिपका भरकटतो; स्प्रिंटमध्ये तर धावपटू भिंतीतून आरपार गेल्यासारखा दिसतो. शिवाय ठिपके, चित्र आणि निकालफलक यांत काही सेकंदांपासून जास्तही तफावत पडते. वाद असेल तिथे कंट्रोलवरचा नोंदलेला वेळ खरा.

रिलेत सगळे एकदम सुटतात, त्यामुळे पुढे कोण हे कळतं, पण पूर्ण नाही. संघांना तेच टप्पे वेगवेगळ्या क्रमाने दिलेले असतात, एकामागून दुसऱ्याने नुसतं धावत जाऊ नये म्हणून. तीस सेकंदांनी पुढे दिसणारा संघ फक्त छोट्या फाट्यावर असू शकतो. तीन लेग (म्हणजे तीन धावपटूंच्या पाळ्या) संपेपर्यंत हिशेब सारखा होतो. तोवर आघाडीचे आकडे उधारीवर घ्यावेत.

विक्रम असणं आणि नसणं

हा फरक बरेच लोक विचारात घेत नाहीत, आणि शेवटी तोच ठरवतो की खेळाची चटक लागणार की नाही.

अॅथलेटिक्समध्ये आकडा दशकं ओलांडून बोलतो. २०२५ मध्ये टोकियोत आर्मांड डुप्लांटिसने बांबूउडीत ६.३० मीटर पार केले तेव्हा आधीच्या प्रत्येक उडीशी त्याची तुलना लगेच करता आली. २०० मीटरपर्यंतच्या शर्यती, लांब उडी आणि तिहेरी उडी यांत मागून येणाऱ्या वाऱ्याची मर्यादा प्रतिसेकंद २ मीटर. ती ओलांडली तर विक्रम धरत नाहीत, पदक मात्र धरतात. फरक किती बारीक असू शकतो ते पाहा: पॅरिस ऑलिम्पिक २०२४ च्या पुरुषांच्या १०० मीटरमध्ये नोआ लाइल्स ९.७८४ सेकंद आणि किशेन थॉम्प्सन ९.७८९. टोकियो २०२५ ची पुरुषांची मॅरेथॉन दोन तास नऊ मिनिटांनंतर ०.०३ सेकंदाने निकाली निघाली. ज्याला वह्या ठेवायची, याद्या करायची खोड आहे त्याने दुसरीकडे बघूच नये.

ओरिएंटिअरिंगमध्ये जागतिक विक्रम ही कल्पनाच नाही. प्रत्येक शर्यतीचं जंगल वेगळं, मार्ग वेगळा. स्वित्झर्लंडच्या सिमोन निगली-लुडरची २३ जागतिक सुवर्णं मोजता येतात, पण तिचा एखादा वेळ आजच्या धावपटूच्या वेळेशेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही. त्याऐवजी इथे एकाच दिवसाच्या आत खोल जाता येतं. शर्यतीनंतर लाइव्हलॉक्स या संकेतस्थळावर सगळ्यांना एकाच क्षणी सोडल्यासारखं करून त्यांच्या वाटा शेजारीशेजारी चालवता येतात. विनस्प्लिट्स या टप्प्यांचे वेळ मांडणाऱ्या संकेतस्थळावर कोणी कोणत्या कंट्रोलपाशी किती वेळ घालवला ते दिसतं. दोन तासांच्या शर्यतीवर चार तास घालवणारे लोक आहेत, आणि ते वेडे नाहीत.

तिथे जायचं ठरलं तर

जागतिक अॅथलेटिक्समध्ये २०२५ ला ४९ प्रकार नऊ दिवसांत बसवले होते. सगळे दिवस घेण्यात शहाणपणा नाही. संध्याकाळची सत्रं घ्या, आणि सकाळचं एखादंच, तेही पात्रता फेऱ्यांसाठी. एकाच फेरीत तिसाहून जास्त फेकणारे तेव्हाच दिसतात. टोकियोत दोन्ही १०० मीटरच्या अंतिम शर्यती दुसऱ्या दिवशी आणि ४ × १०० रिले शेवटच्या दिवशी होत्या. असं वेळापत्रक पाहिलं की महाग तिकिटांचे दिवस आपोआप ओळखू येतात.

जागेबद्दल एक मत ठाम आहे: शेवटच्या रेषेजवळची सर्वांत महागडी खुर्ची फक्त १०० मीटर आणि अडथळ्यांच्या शर्यतींसाठी योग्य. बांबूउडी, लांब उडी किंवा भालाफेक पाहायची असेल तर मैदानाचा आराखडा पाहून त्या जागेसमोरची खुर्ची घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते. अगदी खालच्या रांगा टाळा. पंच, कॅमेरे आणि सामानाच्या गाड्या आड येतात. एकाच वेळी तीन गोष्टी चालू असतात आणि नेमकी जिंकणारी फेक तुम्ही ट्रॅककडे पाहत असताना पडते, म्हणून हातात सुरुवातीची यादी ठेवून तुमच्या खेळाडूचा फेकीचा क्रमांक आधी मोजून ठेवा. दुर्बीण हवीच. मॅरेथॉन आणि चालण्याच्या शर्यती रस्त्यावर फेऱ्यांनी होतात. चालण्याची फेरी छोटी असते, त्यामुळे एका जागी उभं राहून तोच खेळाडू अनेकदा समोरून जातो.

ओरिएंटिअरिंगचं अरीना म्हणजे सहसा एक मोकळं कुरण, मोठा पडदा, निवेदक आणि शेवटची काही कंट्रोलं. गाडी लांब लावून चालत जावं लागतं, बसायला स्वतःचं स्टूल, पावसाचं जाकीट, पाणी. गर्दीत मोबाईलचं नेटवर्क बसतं, त्यामुळे सुरुवातीची यादी आणि वेळापत्रक आधीच उतरवून घ्या. शर्यतीचा नकाशा आधी मिळत नाही, पण त्या भागाचे जुने नकाशे बुलेटिनमध्ये (आयोजकांच्या माहितीपत्रकात) असतात. तेच बुलेटिन बंदीचा, म्हणजे जिथे जायला मनाई असते तो, भागही सांगतं. त्या हद्दीत ‘जरा फिरून येतो’ म्हणत पाऊल टाकणं हा प्रेक्षकाकडून होणारा सर्वांत गंभीर गुन्हा. शर्यत चालू असताना नकाशाचा फोटो इंटरनेटवर टाकणं हा दुसरा.

आणि आता ते चांगलं कारण. जागतिक स्पर्धेबरोबर प्रेक्षकांसाठीही शर्यती ठेवल्या जातात, वयोगट आणि कठीणपणाप्रमाणे. होकायंत्र, खिळ्यांचे किंवा चांगली पकड असलेले बूट, पाय झाकणारी पँट आणि कंट्रोलवर वेळ नोंदणारी, भाड्याने मिळणारी चिप, एवढ्यावर तुम्ही त्याच प्रकारच्या जंगलात उतरता जिथे विजेत्याने आदल्या दिवशी दोन मिनिटं गमावली. त्या दलदलीत घोट्यापर्यंत रुतल्यावर ती दोन मिनिटं पटतात. अॅथलेटिक्समध्ये अंतिम शर्यतीच्या ट्रॅकवर प्रेक्षकाला कोणी सोडत नाही.

निकाल कधी पक्का समजावा

ओरिएंटिअरिंगमध्ये थोडं थांबा. एखादं कंट्रोल चुकलं, क्रम चुकला किंवा स्प्रिंटमध्ये ओलांडायला मनाई असलेली भिंत किंवा बाग ओलांडली की पहिला आलेलाही बाद होतो, आणि हे कधीकधी तक्रारीनंतर, शेवटच्या रेषेनंतर बऱ्याच वेळाने ठरतं. निकालपत्रक सगळं सांगतही नाही. २००९ मध्ये हंगेरीतल्या मिश्कोल्त्सच्या जागतिक स्पर्धेत, पुरुषांच्या रिलेत स्वीडनच्या मार्टिन योहान्सनच्या मांडीत फांदी घुसली तेव्हा पदकाच्या वाटेवरचे फ्रान्सचे थिएरी गेऑर्ग्यू, नॉर्वेचे आंदर्स नूर्डबर्ग आणि चेकचे मिखाल स्मोला त्याच्यासाठी थांबले. सुवर्ण स्वित्झर्लंडला गेलं.

अॅथलेटिक्समध्ये बाद होणं सेकंदात घडतं: २०११ च्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियातल्या देगूला उसेन बोल्ट १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत चुकीच्या सुरुवातीने धावण्याआधीच बाहेर पडला. पण उत्तेजकांच्या प्रकरणात पदक वर्षांनी हलतं. त्याच देगूचं हेप्टॅथलॉनचं (सात प्रकारांच्या स्पर्धेचं) सुवर्ण जेसिका एनिस-हिलच्या गळ्यात पडलं ते २०१७ मध्ये, लंडनला.

ठरवण्याआधी दोन चाचण्या

अॅथलेटिक्ससाठी: एखाद्या जुन्या भालाफेक किंवा तिहेरी उडीच्या अंतिम फेरीचं फक्त निकालपत्रक घ्या, चित्रफीत नको. फेरीगणिक आकडे वाचत जा आणि प्रत्येक फेरीनंतर पहिले तीन कोण ते लिहा. चौथ्या फेरीपाशी हात थांबून पुढचा आकडा झाकावासा वाटला तर तिकीट काढा.

ओरिएंटिअरिंगसाठी: लाइव्हलॉक्सवर एखाद्या मोठ्या लाँग शर्यतीचा नकाशा उघडा, वाटा लपवा, सर्वांत लांब टप्पा कागदावर उतरवा आणि दोन मिनिटांत तुमची वाट काढा. मग वाटा दाखवा. बहुधा तुमची वाट कोणीच घेतलेली नसेल, किंवा ज्याने घेतली तो शेवटून तिसरा असेल. तो का मागे पडला हे शोधण्यात अर्धा तास गेला आणि जेवण निवलं, तर होकायंत्र मागवा.