ओडीके, कोबो की कॉमकेअर? गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थेने काय निवडावे

कागदी फॉर्म सोडून मोबाइलवर माहिती घ्यायचे ठरले की छोट्या संस्थेपुढे बहुधा ओडीके (ओपन डेटा किट), कोबो आणि कॉमकेअर हीच तीन नावे येतात. तिन्ही एकाच घराण्यातली आहेत. अनेक देशांतल्या प्रोग्रामरनी ओपनरोजा या गटात एकत्र येऊन, आफ्रिकेतल्या आरोग्य प्रकल्पांना साध्या फोनवर चालेल असा जावारोजा हा मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारा, कोड लिहिला. त्यावर डिमागी या कंपनीचे कॉमकेअर टांझानियातल्या आरोग्यसेविकांसाठी उभे राहिले. वॉशिंग्टन विद्यापीठात गाएतानो बोरिएलो यांच्या गटाने २००८च्या सुमारास सुरू केलेल्या ओडीकेनेही तोच कोड घेतला. हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमधून आलेल्या कोबोटूलबॉक्सचे, म्हणजेच कोबोचे, अँड्रॉइड अ‍ॅप तर ओडीकेच्याच अ‍ॅपवर बेतलेले आहे.

त्यामुळे रेंज नसताना फॉर्म भरणे, फोटो आणि जीपीएस घेणे, रेंजमध्ये आल्यावर सगळे पाठवणे ही कामे तिन्ही चोख करतात. या गोष्टींवर तुलना करत बसू नका. खरा प्रश्न असा आहे: तुम्ही एका माणसाकडे एकदाच जाणार आहात की पुन्हा पुन्हा?

एकदाच जाणार असाल, म्हणजे घरोघरचा सर्वे, पूरग्रस्तांची यादी, शाळांची पाहणी, तर कोबो घ्या. आपत्ती आणि संघर्षाच्या भागातल्या कामासाठीच ते घडले आहे. ब्राउझरमध्ये प्रश्न ओढून मांडायचे, दुपारपर्यंत फॉर्म फोनवर दिसतो. ना-नफा संस्थांना मोफत योजना मिळते, पण नोंदींना आणि साठवणीला मर्यादा असते. प्रत्येक घराचा फोटो घेणार असाल तर साठवण आधी संपेल, हे लक्षात ठेवा.

पुन्हा पुन्हा जाणार असाल, तर कॉमकेअर बाकी दोघांच्या बरेच पुढे आहे. त्यात मुख्य गोष्ट फॉर्म नसून ‘केस’ असते. गरोदर बाईची नोंद एकदा झाली की ती सेविकेच्या यादीत राहते. पुढची भेट कधी, मागच्या वेळी वजन किती होते, हे दारात उभे राहून दिसते. मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की ते तीव्र कुपोषणाचे लक्षण. पण घेर गेल्या महिन्यापासून उतरतोय, हे कळायला मागची नोंद समोर लागते. मेळघाटात किंवा नंदुरबारच्या पाड्यांवर काम करणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. २०१८मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानातले अंगणवाड्यांचे अ‍ॅपही कॉमकेअरवरच होते, म्हणजे ते मोठा भार पेलते. अडचण दोन ठिकाणी आहे. नेटके अ‍ॅप बांधायला शिकलेला माणूस लागतो आणि गंभीर वापराला दरमहा पैसे मोजावे लागतात. कोड मुक्त असला तरी स्वतःच्या सर्व्हरवर चालवणे छोट्या संस्थेच्या आवाक्यातले नाही. उद्या सोडायचे ठरले तर नोंदी एक्सेलमध्ये मिळतील, बांधलेले अ‍ॅप मात्र नव्याने बांधावे लागेल.

ओडीके मी त्यांना सुचवेन ज्यांची माहिती नाजूक आहे: हिंसाग्रस्त बायका, एचआयव्हीसह जगणारे लोक. ओडीके सेंट्रल हा त्याचा नोंदी साठवणारा भाग आपल्या सर्व्हरवर बसवता येतो, त्यामुळे नोंदी कुठे राहतात आणि कोण पाहते हे तुमच्या हातात राहते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हा मुद्दा अधिकच वजनाचा झाला आहे. आता ओडीकेत एकाच व्यक्तीचा पाठपुरावाही जमतो, पण कॉमकेअरइतका सहज नाही. बॅकअप आणि अपडेट नियमित करणारा माणूस संस्थेत नसेल तर स्वतःचा सर्व्हर घेऊ नका. त्यापेक्षा ओडीकेचीच सशुल्क क्लाउड सेवा बरी.

ठरतच नसेल, तर कोबोपासून सुरुवात करा, पण फॉर्म एक्सेलमध्ये, एक्सएलएसफॉर्म या ठरलेल्या मांडणीत लिहा. कोबो आणि ओडीके दोन्ही तीच फाइल वाचतात, त्यामुळे पुढे बदलायचे झाले तर फारसे काही वाया जात नाही. एकमेकांचा कोड आणि पद्धती खुल्या ठेवणाऱ्यांनी तुम्हाला दिलेली ही मोकळीक आहे, ती वापरा.

एक गोष्ट मात्र तिन्हींना लागू आहे. २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन हँग होत होते, दुरुस्तीचा खर्च अंगावर येत होता आणि नवे पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत होते. तुमची निवड पक्की करण्याआधी मराठी लेबले घालून फॉर्म सेविकांच्याच, सर्वांत जुन्या फोनवर दोन गावांत चालवून पाहा. कोणता प्रश्न त्या गाळतात, कुठे थांबून विचारतात, कोणत्या फोनवर फोटो अडकतो, हे लिहून घ्या आणि वर्षाचे पैसे त्यानंतर भरा.