१०१ वर फोन केल्यानंतर : सांगलीतील अग्निशमन सेवा

आमच्या गल्लीतील गोदामाला आग लागली तेव्हा १०१ वरील जवानाने पत्त्यापाठोपाठ ‘आत कोणी आहे का, सिलिंडर किती’ हे विचारले आणि गाडी येताच पाण्याचा पाइप उलगडण्याआधी वीज तोडायला लावली. ही शिस्त मला फार मोलाची वाटली. शहराचे दल महापालिकेचे, नगरपालिकांची आपापली आणि राज्याच्या संचालनालयाकडे प्रशिक्षण व मार्गदर्शन, अशी ही रचना असल्याने हद्दीबाहेरच्या खेड्यांना मात्र शेजारच्या गाडीचीच वाट पाहावी लागते. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निरोधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने जानेवारी व जुलैत द्यायचे असते. आमच्या गोदामवाल्याचे आग विझवण्याचे नळकांडे भिंतीवर होते, पण रिकामे!