दोन देवदास

इंदूरला सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खाऊन परतलो की आमच्या घरी हा वाद हमखास पेटतो. आबांचा देवदास दिलीपकुमार (१९५५), ताईचा शाहरुख (२००२). परवा दोन्ही सिनेमे सलग पाहिले. दिलीपकुमार दुःख गिळतो. आवाज इतका खाली नेतो की आपणच पुढे सरकून कान देतो. शाहरुख सगळं बाहेर ओततो, ओठ थरथरतात, डोळे डबडबतात. नव्या देवदासचे दिग्दर्शक भन्साळी यांच्या भव्य सेटपुढे तेवढं हवंच होतं. जुन्याचे दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या कृष्णधवल चौकटीत मात्र ते अंगावर आलं असतं. झाडाखाली प्राण सोडणारा शाहरुख मलाही रडवतो, हे खरं. पण रेल्वेतला तो शेवटचा प्रवास आला आणि दिलीपकुमारच्या थकलेल्या चेहऱ्यावरून माझी नजर हलेना. मी आबांच्याच बाजूची.