नाशिकच्या डोंगरांत ऑफलाइन नकाशे : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जूनपासून फेब्रुवारीपर्यंत चार-पाच ॲप वापरून पाहिल्यावर माझ्या फोनमध्ये ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड ही दोनच उरली आहेत. दोन्हींचा आधार ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशाच असल्यामुळे एकात नसलेली वाट दुसऱ्यात सापडेल, ही आशा व्यर्थ आहे. मी दोन्ही ठेवली ती कामे वेगळी म्हणून. चालताना खिशातून काढून चटकन पाहण्यासाठी मोफत आणि जाहिरातमुक्त ऑर्गॅनिक मॅप्स, तर आदल्या रात्री मार्ग आखण्यासाठी ऑस्मअँड, ज्याच्या मोफत आवृत्तीत नकाशे उतरवून घेण्यावर मर्यादा आहे. गुगल मॅप्स पायथ्याच्या गावापर्यंत गाडीने जाण्यापुरते वापरतो, कारण ऑफलाइन असताना त्यात पायी मार्ग मिळत नाही.

ॲप निवडताना मी आता सर्वांत आधी कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, पाहतो; त्या दाटल्या की चढ तीव्र. पायथ्याच्या वाघांबे गावाहून साल्हेर-सालोटा या किल्ल्यांमधल्या खिंडीकडे चढताना ढोरवाटा इतक्या फुटतात की नकाशावरच्या तुटक रेघेपेक्षा, रेषा कुठे दाटल्या आहेत आणि कुठे विरळ होतात, यावरूनच खिंडीची दिशा अधिक खात्रीने कळते.

ऑगस्टमध्ये धोडप किल्ल्यावर जाताना पायथ्याच्या हट्टी गावाच्या वर धुके उतरले आणि ज्या ॲपचे वर्षाचे पैसे भरले होते (नाव घेत नाही), त्याने रेंज नसताना पुन्हा लॉगिन मागितले. नकाशा फोनमध्येच होता, पण उघडेना. शेवटी गुरे घेऊन निघालेल्या एका मामांनी सोंडेपर्यंत सोबत केली. तेव्हापासून प्रत्येक ॲप घरीच, फोन एअरप्लेन मोडवर टाकून तपासतो. जीपीएसला सिमची गरज नसते. मात्र इंटरनेटची मदत नसल्याने पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, म्हणून ॲप पायथ्याला, मोकळ्या आभाळाखालीच सुरू करावे.

उंचीच्या आकड्यावर विसंबू नये. 1567 मीटरच्या साल्हेरच्या माथ्यावर एका साध्या जीपीएस ॲपने मला जेमतेम 1500 दाखवले. उपग्रहांवरून मिळणारी उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, तर पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते आणि आपल्या भागात दोहोंत साठ-सत्तर मीटरचे अंतर पडते. ऑस्मअँडमध्ये त्यासाठी दुरुस्तीची फाइल मिळते.

उतरताना मात्र मी नकाशातली वाट पाहतच नाही. चढताना स्वतःच्याच चालण्याने नोंदवलेला ट्रॅक उलट धरतो, आणि त्याची नोंद दिवसभर चालू राहण्याइतकी बॅटरी पुरावी म्हणून स्क्रीन बंद ठेवतो.